‘पासवर्ड कमांडमध्येच टाका’ म्हणणाऱ्यांना

काल रात्री भाचीने एक फॉरवर्ड पाठवला. ‘स्क्रिप्टमधून फाइल सर्व्हरवर पाठवायची? एसएसएच-कीच्या भानगडीत पडू नका. एसएसएचपास घ्या, पासवर्ड कमांडमध्येच टाका, होस्ट-कीची तपासणी बंद करा.’ (एसएसएच म्हणजे दुसऱ्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायची पद्धत; एसएसएच-की ही पासवर्डऐवजी वापरायची गुप्त फाइल; एसएसएचपास हा पासवर्ड आपोआप भरणारा प्रोग्रॅम; होस्ट-की ही सर्व्हरची ओळख.) वर समर्थनाला चार मुद्दे; खाली अवतरणात तेच एकेक घेतलेत. त्याखाली तिचा प्रश्न: ‘मामा, आमच्या रात्रीच्या बॅकअपला हेच लावलंय. चालेल ना?’

नाही चालणार.

‘स्क्रिप्टमधला पासवर्ड बघणार कोण?’ त्या मशीनवर लॉगिन असलेला कोणीही. एसएसएचपासचं स्वतःचं मॅन पेजच (सोबतचं माहितीपान) सांगतं की ‘-पी’, म्हणजे पासवर्ड कमांडमध्येच देणं, हा त्यातला सर्वांत असुरक्षित पर्याय आहे, चालू प्रोग्रॅमची यादी दाखवणाऱ्या साध्या ‘पीएस’ कमांडने पासवर्ड दिसतो आणि तो लपवायची त्याची धडपड मुळातच अपुरी आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने तेवढं पान तरी वाचायचं!

‘तपासणी बंद केली की स्क्रिप्ट अडत नाही.’ हा मुद्दा सगळ्यात घातक. पहिल्या जोडणीत सर्व्हरची की नोन-होस्ट्स फाइलमध्ये नोंदवली जाते, पुढच्या वेळी ती ताडून पाहिली जाते. नुसती तपासणी ‘नो’ (बंद) केली, तरी ओपनएसएसएच (एसएसएचचा प्रोग्रॅमसंच) एक राखण ठेवतं: की बदललेली दिसली तर पासवर्डने लॉगिन करूच देत नाही. पण या पठ्ठ्याने नोन-होस्ट्सची फाइलही ‘/डेव्ह/नल’कडे, म्हणजे जिथे लिहिलेलं काहीच टिकत नाही तिकडे, वळवायला सांगितलीय. म्हणजे सर्व्हर रोज नवा, जुनी नोंदच नाही, मग बदल दिसणार कसा? मध्ये कोणी तोतया सर्व्हर उभा केला, तर पासवर्ड त्याच्या हातात, पाठोपाठ बॅकअपही, आणि लॉगमध्ये ‘यशस्वी’. सर्व्हरची की आधीच खात्री करून फाइलमध्ये टाकून ठेवा. अगदीच घाई असेल तर तपासणीचा ‘ॲक्सेप्ट-न्यू’ हा पर्याय वापरा; 2017 पासून आहे, नवी की घेतो, बदललेल्या कीवर थांबतो. (तासाभरात पुसायच्या चाचणी-मशीनवर तपासणी बंद ठेवलीत तर माझी हरकत नाही.)

‘की म्हणजे तरी डिस्कवरची फाइलच ना?’ हो, हे मान्य करावं लागतं. पासफ्रेज (कीच्या फाइलवरचा पासवर्ड) नसलेली की चोरीला गेली की गेली. पण ती सर्व्हरकडे कधी पाठवली जात नाही, आणि ऑथराइज्ड-कीजमध्ये (सर्व्हरवरची, परवानगी दिलेल्या कींची फाइल) तिला बांधून ठेवता येतं: याच पत्त्यावरून ये, हीच एक कमांड चालव. आरसिंक या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमबरोबर येणारी आरआरसिंक स्क्रिप्ट तिला एका फोल्डरपुरती अडकवते. पासवर्डला असं बांधणार कसं?

‘एससीपी बंद झालंय.’ छे. एससीपी म्हणजे एसएसएचवरून फाइल पाठवायची कमांड. त्याचा जुना प्रोटोकॉल (पाठवायची पद्धत) कालबाह्य, एवढंच. 2022 च्या ओपनएसएसएच 9.0 पासून एससीपी आतून एसएफटीपी हा दुसरा प्रोटोकॉलच वापरतं.

भाचीला म्हटलं, पासवर्ड आजच बदल. ती म्हणाली, ‘स्क्रिप्ट गिटमध्ये आहे, ती ओळ काढून टाकते ना.’ अगं, गिट प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं; जुन्या कमिटमध्ये (नोंदीत) ती तशीच राहते. म्हणूनच म्हटलं, आधी पासवर्ड.