फ्रिजवरचे बूट

आज डोकं फिरलंय, तेव्हा लांबलचक लिहिणार आहे. कंटाळा आला तर पुढे सरका.

संध्याकाळी पावसाची एक सर आली. आमचे चिरंजीव, वय वर्षं सात, कॉमन प्लॉटमध्ये खेळत होते ते पळत येऊन माझ्या कमरेला चिकटले. एवढंच झालं. तर बाकावरचे एक काका मोठ्यांदा म्हणाले, "जो जो, मगर आवी!" अख्खा बाक हसला. वर मला उपदेश, "बेन, छोकराने आटलो पोचो ना बनावो." म्हणजे पोराला इतकं मऊ करू नका.

मी तिथे काही बोलले नाही. मला सगळं घरी आल्यावर सुचतं.

मगर आवी म्हणे! दुसऱ्या गावात मगर हा बागुलबुवा असेल, आमच्या बडोद्यात ती खरंच येते. ऑगस्ट 2024 च्या पुरात तीन दिवसांत वस्तीतून 24 मगरी पकडल्या होत्या. काकांना हे माहीत नाही असं नाही. पण ते राहतात तिसऱ्या मजल्यावर, आणि आम्ही समोरच्या टेनामेंटमध्ये, जमिनीलगत.

जन्माष्टमीला पाऊस लागला तो थांबेचना. आजवा धरणाचं पाणी, विश्वामित्री नदी 35 फुटांच्या वर, ते सगळं तुम्ही बातम्यांत पाहिलंत. बातम्यांत नव्हतं ते सांगते. पाणी दारातून आलंच नाही आधी. रात्री मोरीच्या जाळीतून बुडबुड करत वर आलं. लाइट गेलेली. पोराला ओट्यावर बसवलं आणि आम्ही दोघं गाद्या माळ्यावर चढवत सुटलो. तेवढ्यात त्याचे शाळेचे नवे बूट तरंगत तरंगत दाराकडे निघाले. तो ओरडत होता, "आई, बूट! आई, बूट!" आणि मी म्हणाले, "गप्प बस! बुटांचं काय घेऊन बसलायस!"

तेव्हा काकांवर चिडतेय खरी, पण पहिली मीच.

पाणी ओसरलं, चिखल काढला, फ्रिज नवा घेतला. आणि नवे बूट आणले त्या दिवसापासून हा रोज रात्री खुर्ची ओढायचा, बूट फ्रिजवर ठेवायचा, मगच झोपायचा. सासूबाई म्हणायच्या, "आत दूध, वर बूट! काय घर आहे!" अंथरूण ओलं व्हायला लागलं. मोरीच्या जाळीवर बादली उपडी घातल्याशिवाय आत पाऊल टाकायचा नाही. आणि तो खेळ! टीपॉय म्हणजे घर, सगळ्या गाड्या टीपॉयवर, आणि पोळ्यांचा चिमटा म्हणजे मगर. रोज तेच, त्याच क्रमाने. मला वेड लागायची पाळी.

सल्ले तर काय, फुकटच असतात. लहान आहे, विसरेल. विषयच काढू नका. दृष्ट काढा. (काढली. दोनदा.) मी स्वतः त्याला छातीठोक सांगितलं की पाणी आता कध्धी येणार नाही. पुढच्याच पावसात गल्लीत घोटाभर साचलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ना, ती नजर कुणाच्या वाट्याला येऊ नये.

महिना उलटूनही थांबेना तेव्हा समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी त्याला पुराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मलाच सांगितलं: खोदून विचारू नका, पण तो बोलला तर काम टाकून ऐका. खेळ थांबवू नका, शेजारी बसा. खोटं आश्वासन देऊ नका; पाणी परत येऊ शकतं, आलं तर आपण काय करायचं ते सांगा. मग आम्ही एक पिशवी भरली. टॉर्च, बिस्किटं, त्याची कंपासपेटी. पिशवीचा मालक तो. पाऊस वाढला की वरच्या मजल्यावरच्या बेनकडे जायचं, हेही ठरलं. आणि एके दिवशी टीपॉयखाली त्याने साबणाची डबी आणली. म्हणाला, "ही बोट." चिमट्याला पहिल्यांदाच कुणीतरी चुकवून गेलं.

बहुतेक मुलं आपली आपण सावरतात, हेही त्या बाईच म्हणाल्या. बरं, मान्य. आजीच्या रोजच्या परवच्याने तो लवकर झोपायला लागला, हेही मान्य, सासूबाई वाचत असतील तर त्यांनी नोंद घ्यावी. पण "आम्ही नाही का मोठे झालो, कोण बसलं होतं आमच्याजवळ?" हे ऐकलं की माझं टाळकं सरकतं. कुणी बसलं नव्हतं म्हणूनच तर साठीला आलात तरी घाबरलेल्या पोराला हसताय!

ज्यांना कुठे जायची लाज वाटते त्यांच्यासाठी सरकारचं टेली-मानस आहे, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, 14416, पैसे पडत नाहीत. नातेवाइकांना विचारण्यापेक्षा तिथे विचारा.

होळीपासून बूट खाली रॅकमध्ये आले होते. आम्ही कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, दृष्ट लागेल म्हणून.

आज रात्री परत खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तो बूट हातात घेऊन म्हणाला, "तुझ्या पण ठेवू?" मी चपला काढून दिल्या. सासूबाई उठल्या, फ्रिजवरची तुपाची बरणी उचलून ओट्यावर ठेवली, आणि काही न बोलता झोपायला गेल्या.