खुलासा : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की पावतीवर हे वाक्य छापलं, की दुकानदाराची जबाबदारी संपली. हे साफ चूक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(४७) नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. परत करण्याची मुदत पावतीवर लिहिलेली असेल तीच. नसेल तर ३० दिवस. घडी मोडताच पदराजवळ विरलेली साडी निघाली, तर ती खुशाल परत न्या, पावतीसकट. ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा.

मात्र रंग आवडला नाही म्हणून बदलून मागणं हा या कलमातला हक्क नाही. आणि चार दिवस वापरून ‘खराब निघाली’ म्हणणं? तो छोट्या दुकानदारावर अन्यायच.