उपयोगी

"लवकर बऱ्या व्हा, देवाला तुमचा अजून खूप वापर करायचाय."

दोन वर्षांपूर्वी मणक्याचं ऑपरेशन झालं आणि पाच महिने मी घरात आडवी होते. तेव्हा हे वाक्य किती जणांनी ऐकवलं, मोजलं नाही. सगळे आमच्या चर्चच्या मंडळीतलेच, मायेने भेटायला आलेले. मीही आजवर आजाऱ्यांच्या उशाशी बसून हेच म्हणत आले आहे. पण आडवं पडून ऐकलं की तेच वाक्य वेगळं लागतं. मला ऐकू आलं ते एवढंच : सध्या तुमचा वापर बंद आहे.

त्याआधीची मी कशी होते तेही सांगते. चौदा वर्षं संडे स्कूल, नाताळच्या नाटुकल्याच्या तालमी, स्त्रियांची प्रार्थनासभा, कुणाकडे दुःखद घटना घडली की पहिला फोन मला. "तुमच्यावाचून पान हलत नाही" असं कुणी म्हटलं की वरवर "काहीतरीच काय" म्हणायचं आणि आतून फुगायचं. याला मी सेवा म्हणायचे. सेवा होतीही, खोटं नव्हे. पण तिच्याखाली जमाखर्चाची एक वही चालू होती, आणि त्या पाच महिन्यांत जमेची बाजू कोरी राहिली. पानं मात्र हलत राहिली. माझा वर्ग दुसऱ्या कुणी घेतला आणि (हे लिहायला अजून जड जातं) छान घेतला.

मला वाकता येत नव्हतं. अकरा वर्षांचा मुलगा माझ्या पायांत चपला सरकवायचा. घाईत डावीच्या जागी उजवी, मग "थांब गं" म्हणत पुन्हा काढायच्या. भिंतीला धरून मी त्याच्या डोक्यावरचा भोवरा बघत उभी, आणि लाज वाटतेय. आपल्याच लेकराची लाज!

त्या दिवसांत लांबचं काही वाचणं झेपत नव्हतं म्हणून बायबलमधलं, प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेलं पत्र काढलं. एकच अध्याय, पंचवीस वचनं. पौल तुरुंगात आहे आणि फिलेमोनापासून दुरावलेल्या अनेसिम नावाच्या त्याच्या दासासाठी रदबदली करतोय. ग्रीकमध्ये अनेसिम म्हणजे 'उपयोगी'. दासांमध्ये हे नाव सर्रास आढळायचं. म्हणजे हाक मारली तरी कामाचीच आठवण! पौल त्यावर कोटीही करतो : पूर्वी तो तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला उपयोगी आहे. इथवर आले आणि म्हटलं, घ्या, इथेही तेच.

पण पुढे वाचलं. सोळाव्या वचनात पौल म्हणतो, आता दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून त्याला घे. मग हिशेबाचं येतं : त्याने तुझं काही नुकसान केलं असेल, काही देणं लागत असेल, तर ते माझ्या हिशेबी मांड. पौल पुढे स्वतःच्या हाताने लिहून देतो की मी फेडीन. आणि विसाव्या वचनात 'मला तुझ्याकडून लाभ होऊ दे' असं म्हणताना तो ज्या धातूवरून अनेसिम हे नाव आलं तोच शब्द वापरतो. उपयोगी पडायची पाळी आता धन्याची!

या पत्राचा गैरवापरही झालाय. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले गुलामीचे समर्थक पळालेल्या गुलामांना परत पाठवण्यासाठी याचाच दाखला देत. पौलाने 'त्याला मुक्त कर' असं थेट लिहिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तरीही, ज्याचं नावच 'उपयोगी' त्याच्यासाठी कुणीतरी स्वतःचं खातं पुढे करतं, हे वाचताना मी रडले. धर्मसुधारक मार्टिन लूथरने या पत्राच्या प्रस्तावनेत म्हटलंय की विश्वास धरला तर आपण सगळे ख्रिस्ताचे अनेसिमच आहोत. ते मला थेट लागू पडलं.

आरशासमोर उभं राहून "मी भारी आहे" म्हणायची पद्धत मला जमली नाही. मणका दुखत असताना तर अजिबातच नाही. उलट टोकाला आपल्याकडची "मी धूळ, मी किडा" ही भाषा. नम्रतेच्या नावाखाली तीही शेवटी स्वतःचाच हिशेब घालत बसते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला विकतात, लूकच्या शुभवर्तमानात पाच चिमण्या दोन दमड्यांना. जुळवून पाहा. पाचवी फुकट, वरकड म्हणून टाकलेली. आणि येशू म्हणतो, त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही. बाजाराने लावलेला भाव तो नाकारत बसत नाही. तो भाव खराच होता. फक्त चिमणीचं मोल त्यावर ठरत नाही.

हे मी अभ्यासवर्गात बोलले तेव्हा पाळकांनी पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढलं : 'स्वामीला उपयोगी असे पात्र'. वचन आहेच, मी कुठे नाही म्हणते. माझं भांडण क्रमाशी आहे. मार्काचं शुभवर्तमान बघा. 'तू माझा पुत्र, मला परमप्रिय, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे' ही आकाशवाणी येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी होते, पहिल्याच अध्यायात. तोवर एकही रोगी बरा झालेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. संतोष आधी, काम नंतर. मंडळीपुढे उभं राहून आपण सांगतो त्या साक्षी नेमक्या उलट्या चालतात : आधी देवाने मला कसं वापरलं ते, मग टाळ्या. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच घडलं नाही तो मागच्या बाकावर गप्प. निदान "देवा, मला वापर" हे मी प्रार्थनेतून काढून टाकलंय. काम करतेच, आता वर्गही घेते, पण वही पूर्ण मिटली असं म्हणणार नाही. परवाच कुणी आभार मानायला विसरलं आणि दिवसभर खुपत राहिलं.

आमच्या मंडळीतल्या एका आजींची स्मृती गेली आहे. पूर्वी मी त्यांच्याकडे गेले की भरभर प्रार्थना करायचे आणि "अजूनही प्रभू तुमच्याकडून काम करून घेईल" असलं काहीतरी बोलून निघायचे. या रविवारी नुसती बसले. त्यांनी माझा हात हातात घेऊन बोटं मोजली, पुन्हा मोजली. नाव तीनदा विचारलं, मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारायच्या आत त्यांना झोप लागली, हात मात्र सुटला नव्हता, म्हणून आणखी अर्धा तास तिथेच बसून राहिले.