पंक्चर काढायचं की टायर बदलायचा? डोकं घरी ठेवून या

नाशिकमध्ये गाडी चालवत असाल तर पंक्चर होणारच, त्यावर चर्चा नको. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांच्या रस्त्यांवर लेथमधून निघालेला लोखंडी कीस, स्क्रू आणि वॉशर इतक्या उदार हाताने सांडलेले असतात, की एखादा आठवडा टायरात काही घुसलं नाही तर चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. सिंहस्थाच्या नावाने जे खणून ठेवलंय त्याबद्दल मी काही बोलणार नाही. द्वारका चौकाबद्दल तर नाहीच. प्रश्न एवढाच, की टायर बसला की पंक्चर काढायचं की टायरच बदलायचा. या विषयावर माझ्याकडे सध्या भरपूर ताजं ज्ञान साठलंय, ते फुकट वाटते आहे.

पहिलं म्हणजे, गाडी थांबवू नका. स्टिअरिंग एका बाजूला ओढतंय, खालून फडफड आवाज येतोय, शेजारून जाणारा रिक्षावाला हात करून दाखवतोय, तरी दामटत राहा. पुढच्या चौकात दुकान आहेच की! हवा नसलेल्या टायरची बाजूची भिंत रिमखाली भरडली जाते आणि आत रबराचा काळा भुगा जमतो. शे-दीडशे रुपयांत निघालं असतं ते पंक्चर अशा रीतीने थेट नव्या टायरवर जातं. निर्णय आपोआप झाला, तुमच्या डोक्याला ताप नाही.

स्क्रू दिसला की तिथल्या तिथे पकडीने उपटा. हवा सुटण्याचा आवाज ऐकण्यात एक वेगळंच समाधान आहे.

भोक कुठे आहे हे मुळीच बघू नका. नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि सहा मिलिमीटरच्या आत असेल तर निघतं. भिंतीवर किंवा खांद्यावर, म्हणजे नक्षी आणि भिंत जिथे जुळतात तिथे, असेल तर निघत नाही, कारण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तो भाग वाकतो आणि पॅच धरत नाही. आता एवढं तुम्हाला आधीच ठाऊक असेल तर दुकानदाराने काय सांगायचं? त्याच्याही पोटापाण्याचा विचार करा.

आणि हो, दुकानदारावर पूर्ण विश्वास ठेवा. विशेषतः महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या शेडसमोर टायर रंगवून उभा करणाऱ्यावर. तुम्ही बाई असाल आणि गाडीत एकट्या असाल तर अजूनच ठेवा. मी इगतपुरीहून परत येत होते, मागच्या डाव्या टायरात स्क्रू. मधल्या खाचेत, डोकं चकचकीत, अगदी समोर दिसत होता. एकच. दादांनी चाक काढलं, साबणाचं पाणी मारलं आणि मला म्हणाले, "मॅडम, जरा डिक्कीतली स्टेपनी मोकळी करता का?" मी वळले, सामान बाजूला केलं, स्टेपनीचा बोल्ट सोडवला. परत येऊन बघते तर तीन ठिकाणी बुडबुडे! "बघा ना मॅडम, तीन निघाले. अजून पाणी मारतो." मारलं. चार झाले. मला वाटतं मी डिक्कीपाशी अजून थोडी रेंगाळले असते तर टायरची चाळणी करून हातात दिली असती. टोच्या त्यांच्या मुठीत होता, लाकडी मुठीचा, टोकाला ओला. तो ओला का आहे हे मी विचारलं नाही, कारण तेवढ्यात निदान जाहीर झालं होतं: "दोन भोकं एकदम जवळ आहेत, आतली तार तुटली असणार. हा टायर आता नाही चालणार. रिस्क आहे. सोबत कोणी जेन्ट्स नाहीत का? सरांना फोन लावून द्या, मी समजावतो."

सरांना समजावतो! गाडी माझी, हप्ते माझ्या पगारातून जातात, टायर मी बघतेय आणि समजावणार सरांना! आमच्या सरांना स्टेपनी आणि स्टूल यातला फरक विचारून बघा एकदा.

तर जवळची दोन भोकं हे खरंच टायर टाकून देण्याचं कारण असतं. खोटं बोलायचं तर असंच बोलावं, नव्वद टक्के खरं. आणि योगायोग असा की माझ्या मापाचा टायर तिथे तयारच होता. "नवाच आहे, पार्टीने गाडी विकली म्हणून ठेवलाय." वरून काळं पॉलिश असं मारलेलं की हात लावला तर बोट काळं. मी खाली वाकून भिंतीवर डीओटी अक्षरांच्या ओळीतले शेवटचे चार आकडे वाचले: 1416. म्हणजे 2016 सालचा चौदावा आठवडा. मी तसं म्हटलं. दादा शांतपणे म्हणाले, "तो मॉडेल नंबर असतो मॅडम."

मी स्टेपनी लावायला सांगितली, लावण्याचे पैसे दिले आणि निघाले. नाशिकला आल्यावर आमच्या नेहमीच्या माणसाने टायर रिमवरून उतरवला, उलटा केला आणि बोटाने दाखवलं. स्क्रूच्या भोकाची कड आतून काळपट, चुरगळलेली. बाकीची तीन स्वच्छ, गोल, जणू कोणी आत्ताच सुईकाम केलंय. तो काही बोलला नाही, फक्त हसला. मला हसू आलं नाही. चांगला अर्ध्याहून जास्त नक्षी शिल्लक असलेला टायर गेला तो गेलाच.

म्हणून सांगते, पंक्चर काढताना मोबाइल बघत बसा. चहा घ्या. पाठ करून उभे राहा.

ज्यांना उन्हातान्हात फसायचं नाही त्यांनी काचेच्या एसी दुकानात जावं. तिथे फसवणूक होत नाही, सल्ला मिळतो. एक टायर पंक्चर म्हणून गेलात तर चारही बदला. एका आसावरचे दोन्ही टायर सारखे हवेत हे बरोबरच आहे, पण दोनाचे चार कसे होतात ते विचारू नका, समोर कॉफी ठेवलेली असते. मग अलाइनमेंट, मग बॅलन्सिंग, मग नायट्रोजन. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच, बाकीच्या बावीस टक्क्यांसाठी वेगळं बिल.

भोकात बाहेरून रबरी धागा ठासून बुजवलेलं पंक्चर कायमचं समजा.

खरा प्रश्न घरात येतो. टायरबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांना अवश्य विचारा. आमचे मोठे दीर या बाबतीत ऋषितुल्य आहेत. त्यांच्या गाडीच्या एका टायरात पाच धागे आहेत, सगळे बाहेरून ठासलेले. टायर उतरवून आतून मशरूम पॅच (देठ भोकात, टोपी आतल्या बाजूला) लावायला अर्धा तास जास्त लागतो आणि दोनशे-तीनशे रुपये जास्त जातात, तेवढा वेळ आणि पैसा त्यांच्याकडे नसतो. बाकी टायर इतका गोटा झालाय की नक्षी शोधायला चष्मा लागेल. खाचेत आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्या वरच्या रबराला टेकल्या म्हणजे नक्षी 1.6 मिलिमीटर उरली आणि टायर संपला, हे मी त्यांना दाखवायला गेले. "अगं, त्या डिझाइनच्या आहेत," म्हणाले. तेही वाहनाचे जाणकार, मागच्या जन्मीपासून. समोर बंपरला ताजं लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी न चुकता.

आणि याच गाडीत नातवंडं मागे बसवून ते समृद्धीवरून निघतात. 120 च्या वेगमर्यादेला "तेवढी तर आहेच" म्हणून टेकतात. सिमेंटचा रस्ता, मे महिन्यातलं दुपारचं ऊन, हवा कधी तपासलीय देव जाणे. तिथे टायर फुटला तर धागा कोणाला वाचवणार आहे? विचारलं तर म्हणे, टायर महाग झालेत. कुठे महाग झालेत? सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी 28 वरून 18 वर आला, तेव्हा तर पेपर वाचून तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात! फोनला दर दोन वर्षांनी नवा हवा, आणि काचेला टेम्पर्ड ग्लास लगेच. गाडी आणि रस्ता यांच्यामध्ये जे चार तळहाताएवढे तुकडे आहेत, ते मात्र सहा-सात वर्षं जुने, कडक झालेले, भेगाळलेले चालतात?

नाही चालत. सरळ बोलते आता, उपरोध पुरे झाला. त्या शेडवाल्याने मला फसवलं हे खरं, पण त्याचा धंदा चालतो तो तुमच्यामुळे. ज्यांनी आयुष्यात एकदाही आपल्या टायरवरची तारीख वाचली नाही, असं गिऱ्हाईक दिवसभर येतं म्हणून तो मला बेधडक मॉडेल नंबर सांगू शकतो. टोच्या हातात घेतला की त्याच्याकडे बघत उभं राहायचं, एवढं अवघड आहे? टायर उतरवून आतून दाखव म्हणायला लाज वाटते? ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किती हवा भरायची ते छापलेलं असतं, गाडी घेतल्यापासून कधी वाचलंत? आणि जिथे बदलायलाच हवा, भिंत फुगलीय, भिंतीला कट गेलाय, तार दिसतेय, तिथे "अजून एक उन्हाळा काढेल" म्हणणारे तुम्हीच! तो उन्हाळा तुमच्या एकट्याचा नसतो. शेजारच्या लेनमध्ये मीही असते.

डिक्कीत स्टेपनी आहे ना? तिच्यात हवा आहे का? नाही माहीत. मग इथे वाचत काय बसलात, जा, खाली जाऊन बघा आधी.