झोतात सापडला म्हणून तारा जळून जात नाही

गावच्या ग्रुपवर दोन दिवस हा फॉरवर्ड फिरतोय: 'ब्लॅक होलमधून सुटणारा झोत वाटेतल्या ताऱ्यांची राख करतो, त्याला काहीच अडवू शकत नाही, हबलने २०२४ मध्ये सिद्ध केलं, पुढचा नंबर पृथ्वीचा.' भाची वाचून घाबरली, रात्री नीट झोपली नाय, म्हणून लिहितोय.

झोत म्हणजे ब्लॅक होलच्या आतून नव्हे, त्याच्या अगदी जवळून प्रचंड वेगाने फेकला जाणारा कणांचा फवारा. आधी हबल दुर्बिणीचं. एम८७ दीर्घिकेच्या झोताजवळ नोव्हा इतर भागापेक्षा साधारण दुप्पट दिसले, एवढंच सापडलंय. नोव्हा म्हणजे तारा संपला असं नव्हे! श्वेत बटूवर, म्हणजे विझलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या लहान, दाट गाभ्यावर, जोडीदार ताऱ्याकडून आलेला हायड्रोजन साठतो, तो थर भडकतो, तारा आहे तिथेच राहतो.

आता राख. झोताचा वेग प्रचंड, पण आत माल किती, तर आपल्या लॅबमधला व्हॅक्यूमसुद्धा त्यापुढे दाट वाटेल. आणि ताऱ्याला स्वतःचा वारा असतो. आपला सूर्यच सेकंदाला दहा लाख टनांवर माल बाहेर फेकतो, म्हातारे फुगलेले लाल तारे त्याच्या लाखो पट. ओहोटीला दाभोळच्या खाडीत जेटीच्या खांबाकडे नीट बघा, पाणी खांबापुढे फुगवटा धरतं, दोन्ही अंगांनी फाटतं आणि मागे भोवऱ्यांची शेपटी लांबवर जाते. झोतात खांबाचं काम ताऱ्याचा वारा करतो, दोघांचा दाब जिथे बरोबरीला येतो तिथेच झोत अडतो, ताऱ्यापासून चांगला लांब. अगदी ब्लॅक होलला खेटून असलेल्या फुगलेल्या ताऱ्याचं वरचं कवच सोलवटू शकतं, तेवढं मान्य.

'काहीच अडवू शकत नाही' हे तर सपशेल चूक. त्या शेपटीतला वाऱ्याचा माल झोतात मिसळतो, झोताला तो ओढत न्यावा लागतो, असे असंख्य तारे वाटेत आले की कमजोर झोत जड होऊन मंदावतो. सेंटॉरस-ए या दुसऱ्या दीर्घिकेच्या झोतात एक्स-रे मध्ये गाठी दिसतात, काही प्रकाशाच्या निम्म्याहून जास्त वेगाने पळतात तर काही जागच्या हलत नाहीत, आणि या थांबलेल्या गाठी म्हणजे जोरदार वाऱ्याचे तारे किंवा वायूचे ढग आडवे आल्याच्या खुणा असाव्यात असं मानतात.

राहिली पृथ्वी. एम८७ चा दिसणारा झोत सुमारे ५ हजार प्रकाशवर्षं, आपण साडेपाच कोटी प्रकाशवर्षं लांब. आपल्या आकाशगंगेतलं ब्लॅक होल २६ हजार प्रकाशवर्षांवर, सध्या शांत.

भाचीला सांगितलंय, एप्रिलमध्ये चंद्र नसताना रात्री अकराच्या सुमारास किनाऱ्यावर जाऊ, दक्षिणेला नरतुरंग तारकासमूहात बायनॉक्युलर लावू, सेंटॉरस-ए चा पुसट ठिपका दाखवतो.