हैतीची कला ना १९४४ला जन्मली, ना ती बिनचेहऱ्याची आहे

हैतीच्या कलेबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: ही कला १९४४ साली एका अमेरिकनानं शोधली, ती न शिकलेल्या हातांची आणि भडक रंगांची, विषय फक्त वूडू या तिथल्या लोकधर्माचे, लोखंडी वस्तू म्हणजे भंगारातली हस्तकला. सगळं सारखंच, तेव्हा आवडेल ते घ्या, नावागावात काय आहे! यातलं जवळजवळ प्रत्येक विधान चूक आहे, आणि शेवटच्या सल्ल्यामुळे तर कलाकारही बुडतो आणि घेणाराही.

१९४४ साली पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये 'सांत्र द'आर' हे कलाकेंद्र सुरू झालं, हे खरं. पण इंग्रजी शिकवायला आलेल्या डविट पीटर्स यांच्याबरोबर आल्बेर मांगोनेस, लुसियें प्रीस, झेराल ब्लाँकूर असे हैतीचेच कलावंत ते उभारत होते. त्याच्या सव्वाशे वर्षं आधी उत्तर हैतीचा राजा ख्रिस्तोफनं रिचर्ड एव्हन्स या इंग्रज चित्रकाराला शिकवायला बोलावलं होतं. हैतीचे चित्रकार फिलोमे ओबँ १९४४ला पन्नाशी ओलांडलेले होते आणि तरुणपणापासून रंगवत होते. दुसरे चित्रकार एक्तोर इपोलित यांनी मोंत्रुईच्या रस्त्यावरच्या एका बारचे दरवाजे आधीच रंगवले होते. १९४४नंतर मिळाली ती बाजारपेठ. कला आधीपासून होती.

'न शिकलेले' हेही अर्धवट. ओबँ रेखाटन शिकलेले होते. हैतीचेच चित्रकार एर्वे तेलेमाक तर न्यूयॉर्कला शिकून १९६१ साली पॅरिसला गेले.

विषयांचं म्हणाल, तर इपोलित स्वतः वूडूचे पुरोहित होते आणि ते त्यांच्या चित्रांत दिसतं. ओबँ मात्र प्रोटेस्टंट. त्यांनी उत्तरेकडच्या काप-आयसियें शहराचा इतिहास रंगवला. तेव्हा हैती अमेरिकेच्या ताब्यात होता; अमेरिकी सैनिकांनी १९१९ साली बंडखोर नेता शार्लमान्य पेराल्तला मारून त्याचं प्रेत दाराला बांधलं आणि दहशतीसाठी तो फोटो वाटला. लोकांना त्यात क्रूस दिसला; ओबँ यांनी तेच चितारलं. या चित्राला भोळं म्हणणं मला तरी सहन होत नाही.

आता 'भंगार'. क्रुआ-दे-बुके या गावचे लोहार जॉर्ज लियोतो स्मशानातले क्रूस घडवायचे. १९५३च्या सुमारास ते शिल्पांकडे वळले. त्या गावच्या पद्धतीत ५५ गॅलनचं (सुमारे २०८ लिटर) तेलाचं पिंप घेतात, दोन्ही झाकणं कापतात, आत सुका पाला भरून पेटवतात. त्यानं रंग आणि तेलाचा राप जळतो. मग उभा छेद देऊन पत्रा ठोकून सपाट करतात: साधारण सहा फूट बाय तीन फूट. त्यावर खडूनं आकृती, मग छिन्नी-हातोडी, मग कडांना कानस. घेताना कडेवरून बोट काळजीपूर्वक फिरवा. धार लागली तर घासणीत घाई झालेली आहे. कापलेली कड उघडं पोलाद असते, गंज तिथूनच सुरू होतो. मुंबई-गोव्याच्या खाऱ्या हवेत तर लवकरच. पाणी लावू नका, कोरड्या ब्रशनं धूळ काढा आणि मेणाचा पातळ थर द्या. जुना काळसर राप मात्र कधीही घासून काढू नये.

वूडूचे टिकल्यांनी भरलेले ध्वजही एकसारखे नसतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक टिकली एका मण्यानं अडकवून शिवतात. ध्वज करणाऱ्या कलावंत मिर्लांद कोन्स्तां लग्नाच्या पोशाखांच्या कारखान्यात शिकलेलं तांबूर भरतकाम वापरतात: ताणलेल्या कापडावर आकडीनं साखळी टाका, आपल्या आरीकामासारखाच. २०२२ साली त्यांचं काम व्हेनिस बिएनालेत होतं. या फरकाचा व्यवहारात उपयोग असा की साखळीत दोरा तुटला तर ओळच्या ओळ सुटू शकते. म्हणून विकत घेण्याआधी मागची बाजू बघाच, आणि ध्वज घडी न घालता जाड नळीवर, मणी बाहेर ठेवून गुंडाळा.

राहिलं नाव. ओबँ घराण्यात अनेक चित्रकार. भाऊ सेनेकही नावाजलेले. त्यामुळे नुसतं आडनाव पुरत नाही. इपोलित केंद्रात आल्यावर जेमतेम तीन वर्षांत, १९४८ला वारले. एवढ्या थोड्या काळाच्या कामाला एवढी मागणी, तिथे नकला येणारच. चित्र उलटं करा: जुनी कामं बरीचशी पुठ्ठ्यावर किंवा हार्डबोर्डवर आहेत. कोपरे फुगलेत का, मागे केंद्राची चिठ्ठी किंवा नोंदक्रमांक आहे का, ते पाहा. चौकट बदलताना ती चिठ्ठी फेकली जाते. नवी पाठ लावायची असेल तर आधी चिठ्ठीचा फोटो घ्या आणि ती जागच्या जागी राहू द्या.