दहा मिनिटांची बचत

ब्रेडसाठी पीठ मळायला मला हाताने दहा ते बारा मिनिटे लागतात. ही मिनिटे वाचावीत, एवढ्या माफक हेतूने मी पीठ मळणारे यंत्र घेण्याचा विचार सुरू केला आणि त्या विचारात सात महिने गेले. सात महिन्यांच्या मिनिटांना दहाने भागून पाहण्याचा उद्योग माझ्या पत्नीने एकदा केला होता. उत्तर सांगायची तिची तयारी होती. ऐकायची माझी नव्हती.

हाताने मळण्याबद्दल माझी तक्रार फार मोठी होती असेही नाही. पहिली चार मिनिटे पीठ पीठ राहत नाही आणि गोळाही होत नाही. ते दोन्ही हातांना कोपराच्या दिशेने चढत जाते, आणि माणूस असा पूर्णपणे अडकला आहे याची खात्री पटल्यावरच फोन वाजतो. पिठात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन अशी दोन प्रथिने असतात आणि पाणी मिळताच त्यांचे ग्लुटेन व्हायला लागते. त्यातले पहिले पिठाला ताणू देते आणि दुसरे ताणलेले मागे ओढते. थोडक्यात, कुटुंबात असतात तशाच वृत्ती तिथेही असतात आणि मळणाऱ्याचे काम त्या दोघांना एकत्र नांदवण्याचे असते. ती नांदू लागली की पिठाचा लहानसा तुकडा बोटांनी ताणून त्याचा पडदा करता येतो, इतका पातळ की पलीकडचा उजेड दिसावा. माझ्या पडद्याला उजेड दिसण्याआधी भोक पडत असे. दोष माझ्या मनगटांचा होता हे उघड होते. परंतु मनगटे बदलता येत नाहीत आणि यंत्र विकत घेता येते.

अडचण शब्दापासूनच सुरू झाली. मराठीत मिक्सर म्हटले की वाटण करणारे, घरभर कर्कश ओरडणारे भांडे डोळ्यांसमोर येते. मला हवा होता तो स्टँड मिक्सर. त्याचे डोके वर असते, त्यातून एक हुक खाली लोंबत असतो आणि तो हुक भांड्यातल्या पिठाची संथपणे समजूत काढत असतो. हा फरक मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. पुढे पुढे येणाऱ्यांची संख्या घटली.

पहिले दोन महिने मी वॅट मोजण्यात घालवले. एका यंत्रावर तीनशे वॅट लिहिलेले, दुसऱ्यावर हजार. तेव्हा हजारवाले तिपटीहून अधिक बलवान असणार, असा सरळ हिशेब मी वहीत मांडला आणि तो शेजारच्या काकांना दाखवला. काकांची सगळी नोकरी विजेच्या मोटारींत गेलेली. त्यांनी वही हातातही घेतली नाही. "अहो, वॅट म्हणजे मोटार खाते किती. काम किती करते ते नव्हे. खाणं आणि काम यांचा संबंध मी चाळीस वर्षं कचेरीत बघितलाय." मग त्यांनी मला पीळ समजावून दिला. पीठ मळायला वेग लागत नाही. हुकाने संथ फिरावे आणि घट्ट गोळा आडवा आला तरी अडू नये, यासाठी लागतो तो पीळ, म्हणजे टॉर्क. भरधाव फिरणाऱ्या छोट्या मोटारीचा वेग दातेरी चाकांनी उतरवून तो मिळवता येतो, किंवा मुळातच संथ आणि दणकट मोटार बसवून. आणि वॅटचा आकडा यातले काहीच सांगत नाही. मी अत्यंत कृतज्ञतेने घरी आलो आणि पिळाचा आकडा शोधू लागलो. तो बहुतेक कुणी छापतच नाही. जो आकडा ठळक छापलेला असतो तो निरुपयोगी आणि जो उपयोगी तो गायब, या स्थितीत मी दुसऱ्या वहीत पदार्पण केले.

त्यानंतर लिटर आले. साडेचार लिटरचे भांडे म्हणजे काठोकाठ पाणी भरले तर साडेचार लिटर. पण काठोकाठ पीठ भरून मळता येत नाही, त्यामुळे ती माहिती पोहणाऱ्याच्या अधिक कामाची. पीठ किती मावेल हेही पुन्हा पाण्यावर अवलंबून. बेकरीच्या हिशेबात पिठाचे वजन शंभर धरतात आणि बाकी सारे त्याच्या टक्क्यांत मोजतात. 75 टक्के पाण्याचे पीठ ढिले असते आणि मोटारीला फारसा त्रास देत नाही. 55 टक्क्यांचे घट्ट असते आणि मोटारीचा अंत पाहते. म्हणजे एकच यंत्र एका ब्रेडला पुरते आणि दुसऱ्याला कमी पडते. जास्तीत जास्त पीठ किती, यावर मी एक पूर्ण रविवार खर्च केला. कमीत कमी किती, हा प्रश्न मात्र मला सुचला नाही. त्याचे पुढे येईलच.

हुक इंग्रजी सी अक्षरासारखा असावा की मळसूत्री, डोके मागे कलणारे असावे की भांडे वर उचलले जाणारे, याविषयी मी पत्नीचे मत विचारले. ती म्हणाली, "ओट्यावरच्या कपाटाखाली मावणारं." हे मत मला तेव्हा अगदी अशास्त्रीय वाटले. कलणारे डोके वर केल्यावर कपाटाच्या दारावर आपटते, हे शास्त्र तिने एकदा नजरेने मोजून सांगितले होते आणि मला ते पुढे टेपने मोजल्यावर कळले.

या काळात मी इतिहासातही थोडा शिरलो, कारण निर्णय टाळायला इतिहासाइतके सभ्य निमित्त नाही. अमेरिकेत 1908 च्या सुमारास हर्बर्ट जॉन्स्टन नावाच्या अभियंत्याने एका बेकरीवाल्याला लोखंडी पळीने पीठ घोटताना पाहिले आणि त्याला विजेवर चालणाऱ्या मिक्सरची कल्पना सुचली, असे सांगतात. तो हॉबार्ट कंपनीत होता. बेकऱ्यांसाठी मोठाले मिक्सर केल्यानंतर 1919 मध्ये त्या कंपनीने किचनएड या नावाने घरगुती मिक्सर आणला. त्याचे वजन जवळजवळ 30 किलो होते. घरगुती या शब्दाचा अर्थ तेव्हा 'घरात आणल्यावर पुन्हा बाहेर न जाणारे' असा असावा. मला त्या वेळी हे वजन हास्यास्पद वाटले.

ते का वाटू नये, हे कळायला काकांचे यंत्र कारणीभूत झाले. त्यांच्याकडे मुलीने दिलेला, जेमतेम चार किलो वजनाचा मिक्सर होता, जो केकखेरीज कशालाही लागला नव्हता. "घेऊन जा, प्रयोग करा," असे ते उदार मनाने म्हणाले. मी 700 ग्रॅम पीठ आणि 58 टक्क्यांच्या हिशेबाने 406 ग्रॅम पाणी तोलून घातले आणि बटण फिरवले. दोन मिनिटे सगळे सुरेख चालले. मग पिठाचा गोळा भांड्याचा तळ सोडून हुकावर चढू लागला. आधी अर्ध्यापर्यंत, मग मानेपर्यंत. तिथे हुकाला मिठी मारून तो त्याच्याबरोबर नुसता फिरू लागला आणि प्रत्येक फेरीला भांड्याच्या कडेवर धपकन आपटू लागला. त्या प्रत्येक धपक्यासरशी यंत्र ओट्याच्या कडेकडे बोटभर सरकत होते. मी तेव्हा हातात माहितीपुस्तिका धरून 'यंत्र हलल्यास' हा मथळा शोधत होतो. तो सापडला त्या क्षणी आतून कडाक् असा आवाज आला, मोटार एकदम मोकळ्या आवाजात गाऊ लागली आणि हुक थांबला. गोळा हुकावर तसाच बसून होता, जिंकल्यासारखा.

काकांनी यंत्र उघडून पाहिले. आत धातूच्या चाकांमध्ये एकच चाक नायलॉनचे होते आणि त्याचे दाते उडाले होते. "हे मोडण्यासाठीच असतं," ते म्हणाले. "भार फार झाला की हे मोडतं आणि मोटार वाचते." मोडण्यासाठीच बसवलेला भाग मोडला म्हणजे माझ्या हातून त्याचे सार्थकच झाले, हा विचार मी मनातच ठेवला आणि चाक भरून द्यायचे कबूल केले, शिवाय माझे यंत्र आल्यावर दर आठवड्याला एक ब्रेड देण्याचेही.

याच सुमारास एक घातक ज्ञान माझ्या वाट्याला आले. रेमों काल्वेल या फ्रेंच बेकरी-शिक्षकाने 1974 मध्ये दाखवून दिले होते की पीठ आणि पाणी नुसते कालवून वीस मिनिटे ते तासभर झाकून ठेवले, तर ग्लुटेन बरेचसे आपले आपणच जुळते आणि मळण्याचे काम कमी होते. त्याही पुढे, अगदी चिमूटभर यीस्ट घालून पीठ बारा ते अठरा तास ठेवले तर मळावेच लागत नाही, ही रीत 2006 मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधून जगभर पसरली. मी हे पत्नीला वाचून दाखवायला नको होते. "म्हणजे यंत्र नकोच?" तिने विचारले. सहा महिने आणि पावणेतीन वह्या खर्च केलेल्या माणसाला असा प्रश्न विचारणे क्रूरपणाचे आहे. अशा वेळी गरज आहे की नाही हा मुद्दा उरत नाही. अभ्यास फुकट जाता कामा नये, एवढेच उरते.

शेवटी मी बारा किलोचे यंत्र घेतले. ते सरकत नाही. पुसण्यासाठीही सरकत नाही. कपाटाखाली त्याचे डोके वर होत नसल्याने ते ओट्याच्या मोकळ्या टोकाला ठेवावे लागले, म्हणजे जिथे मी हाताने पीठ मळत असे नेमके तिथे.

पहिल्या दिवशी मी आम्हा दोघांना पुरेल अशा एका ब्रेडचे, 300 ग्रॅम पीठ घातले. हुक मोठ्या दिमाखात फिरला आणि पिठाच्या वरून निघून गेला. पुन्हा फिरला, पुन्हा वरूनच गेला. मधला थोडा भाग त्याला चिकटला आणि प्रदक्षिणा घालत राहिला. तळाला कोरडे पीठ जसेच्या तसे. माहितीपुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर, यंत्र बुडवून धुऊ नये या सूचनेच्या खाली, बारीक टाइपात छापले होते की पीठ किमान 500 ग्रॅम असावे. सात महिने मी यंत्राला जास्त किती झेपेल या काळजीत होतो. कमी त्याला झेपत नव्हते.

तेव्हापासून आमच्याकडे एका वेळी दोन ब्रेड होतात. यंत्र आठ मिनिटे मळते आणि चालू यंत्र सोडून जाऊ नये अशी सूचना असल्यामुळे ती आठही मिनिटे मी त्याच्यासमोर उभा असतो. घर्षणाने पीठ तापते आणि मला ते 25 अंशांच्या आसपास हवे असते, म्हणून त्याआधी पाणी गार करणे आणि नंतर थर्मामीटर खुपसून पाहणे, हेही आले. हुकाच्या मानेतले पीठ काढायला जुना दातब्रश लागतो. पडदा मात्र होतो. पहिल्यांदा झाला तेव्हा मी तो खिडकीपाशी धरून पत्नीला पलीकडचा उजेड दाखवला. तिने उजेड पाहिला आणि मग ओट्याकडे पाहिले.

दुसरा ब्रेड ठरल्याप्रमाणे काकांकडे जातो. तिसऱ्या आठवड्यात तो पोहोचवायला गेलो तर आधीच्याला सुरीचा स्पर्श झालेला दिसेना. कडेकडेने कुरतडल्यासारखा तो ताटलीत बसला होता. "सध्या तोडूनच खातोय," काका जरा ओशाळून म्हणाले आणि त्यांनी टेबलावरची वही माझ्याकडे सरकवली. पहिल्याच पानावर ब्रेड कापायच्या अकरा सुऱ्यांची नावे होती, पात्यांच्या लांबीसह.

"लांबी सगळे देतात हो," ते म्हणाले. "दोन दातांतलं अंतर कुणी छापतच नाही."

मी खुर्ची ओढून घेतली.